उजव्या बाहीचं खेचर

कुठलंही डिझाइन समोर आलं की मास्तर आधी त्याचं गाव विचारायचे. फूल असो, वेल असो, मोर असो, पहिला प्रश्न ठरलेला, आमच्या खानदेशी अहिराणीत. "हाई कोठलं से?" बाजारातून डिझाइन घेऊन आलेला माणूस गडबडायचा. त्याला वाटायचं, कुठून चोरलं ते विचारतायत, आणि तो न विचारता शपथा घ्यायला लागायचा. मास्तरांना त्याच्या चोरीशी काही देणंघेणं नव्हतं. हा मोर कुठल्या गावचा, कुणाच्या शेतात नाचला, एवढं कळलं की त्यांचं समाधान व्हायचं. आणि समोरच्याला सांगता आलं नाही, तर ते स्वतःच सांगून टाकायचे. "पारोळ्याना मोर से हाऊ. मान दख. पारोळ्याना मोर आशीच मान धरस."

पारोळ्याचा मोर मान कशी धरतो, हे तपासायला कोण जाणार? आम्ही माना डोलवायचो.

पांडेसऱ्यात आमचं एम्ब्रॉयडरीचं खातं होतं. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. तिथे मास्तर पंचिंग करायचे. पंचिंग म्हणजे कागदावरची नक्षी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं मांडायची. मग मशीनच्या सगळ्या सुया एकदम तीच नक्षी कापडावर उतरवतात. पंचिंगमध्ये एक टाका चुकला तर तो सगळ्या कापडावर चुकतो. म्हणून या माणसाचे लाड खात्यात पुरवले जात, आणि मास्तर ते लाड अगदी हक्कानं करून घेत. चहा त्यांना बशीतच लागे. दोरा आला की तो ओठांत धरून त्याची जात सांगत, आणि कितीदा तरी चुकीची सांगत. चुकले की दोरेवाल्यावर डाफरत, "आजकाल दोरा बी खोटं बोलस!"

मे महिन्यात, मशीनच्या धगीत आम्ही घामानं निथळत असू, तरी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत आणि मनगटाची बटणं लावत. बाही दुमडणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. मी धागे कापायच्या कामावर लागले होते. गोडादऱ्याहून आम्ही चार-पाच जणी रिक्षानं जायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझंही गाव विचारलं. मी म्हटलं, "जन्म सुरतचा, गाव अमळनेराकडे." तर म्हणाले, "दोन गावं से तुले. कॉम्प्युटरवर बस." माझी निवड एवढ्यावर झाली. मला ते 'माय' म्हणत. आमच्याकडे लेकीला अशीच हाक मारतात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी जे शिकले त्यावर आज माझं घर चालतं, पण ते शिकवणं म्हणजे दिवसभर बोलणी खाणं होतं, हेही सांगायला हवं.

नवीन डिझाइन मशीनवर चढायच्या आधी मास्तर सगळ्या कारीगरांना गोळा करायचे आणि त्या नक्षीचं कूळ सांगायचे. उडिया मुलं, बिहारी मुलं, आमच्या खानदेशी बाया, सगळे उभे. कोयरीचं कूळ म्हणजे त्यांच्या मामाच्या शेतातला आंबा. त्या आंब्याची एक फांदी उगवतीला वाकलेली होती, म्हणून कोयरीचं टोक उगवतीलाच हवं. सगळी शुद्ध थाप. पण ती ऐकल्यावर कोयरी सुईखालून उतरताना बघायची मजा वेगळीच असे. खात्याच्या मालकाला, शेठला, मात्र यात मजा वाटत नसे. शेठ सौराष्ट्रातले, बोलायला गोड, पण मशीन थांबलेली त्यांना खपायची नाही. "मास्तर, कथा पछी, पहेलां मशीन," कथा नंतर, आधी मशीन, असं ते दारातून ओरडायचे.

मास्तरांचा सगळ्यात मोठा कायदा बाहीचा. ब्लाउजच्या बाहीची नक्षी आमच्याकडे जोडीनंच बनते, डावी वेगळी आणि उजवी वेगळी, आरशात बघितल्यासारखी. बाही म्हटली की जोडी, हे तर सुरतेतल्या प्रत्येक कारीगराच्या हातात बसलेलं आहे. पण मास्तरांचं म्हणणं त्याच्याही पुढचं होतं. बाहीवरचं जनावर, माणूस जिकडे चालला आहे तिकडेच बघणार. मागे बघणार नाही.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात या कायद्यानं आमची लाज काढली. गोडादऱ्याच्या वाडीत मांडव, नवरी फोटोला उभी, आणि आमंत्रण देऊन बोलावलेले मास्तर तिच्याभोवती चक्कर मारायला लागले. नवऱ्याकडची माणसं डोळे वटारून बघतायत. मास्तर नवरीच्या उजव्या बाजूला थांबले आणि मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "आरे, हाऊ पोपट मांडवमधून पळी राहिना!" शिंप्यानं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. डाव्या बाहीवरचा पोपट नवऱ्याकडे चाललेला आणि उजवीवरचा माघारी निघालेला. मास्तरांनी शाल मागवली, नवरीचा उजवा खांदा झाकला, मगच फोटो काढू दिला. माझी मावशी वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. माझी बहीण मात्र अजून तो फोटो दाखवते आणि हसून हसून लोळते.

अशा माणसाच्या हातात अमेरिकेच्या फौजेचं काम आलं.

ते असं झालं. कतारगामच्या एका तरुण एक्स्पोर्टवाल्यानं आमच्या खात्याला बिल्ल्यांचं काम दिलं. अमेरिकेतल्या एका जुन्या पायदळ रेजिमेंटचे निवृत्त सैनिक मेळावा भरवणार होते, आणि प्रत्येकाच्या जॅकेटच्या बाहीवर शिवायला रेजिमेंटचं चिन्ह भरतकामात हवं होतं. शेठला काम आवडलं, पण मास्तरांची काळजी वाटत होती. त्यांचा विचार आधीच पक्का होत आला होता. बाजारात तयार डिझाइनं पेनड्राइव्हवर मिळतात, नवी सॉफ्टवेअरं आपोआप पंचिंग करतात, मग गाव विचारणारा माणूस पोसायचा कशाला? त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हे काम अमेरिकेत पास झालं तर मास्तरांचं टेबल राहील, नाहीतर मास्तरांनी धागे कापायच्या बायांमध्ये बसायचं. मास्तरांनी मनगटाचं बटण उघडून परत लावलं.

चिन्हाचं चित्र पडद्यावर आलं आणि मास्तरांनी अर्थातच गाव विचारलं. एक्स्पोर्टवाला हसला. पण या वेळी गंमत झाली. त्या रेजिमेंटच्या लोकांनी चित्राबरोबर सगळं कूळ लिहून पाठवलं होतं! मी फोनवर इंग्रजीचं मराठी करून वाचत गेले आणि मास्तर डोळे मिटून ऐकत गेले. ढाल निळी, कारण त्यांच्या फौजेत निळा रंग पायदळाचा. वरच्या कोपऱ्यात पाइनचं झाड, कारण रेजिमेंट उभी राहिली ती जंगलाच्या मुलखात, लाकूडतोड्यांच्या पोरांची. मधून पांढरा नागमोडी पट्टा, ती नदी. आणि नदीवर पाठीवर ओझं घेतलेलं एक खेचर.

खेचराची गोष्ट मोठी होती. महायुद्धात कुठल्याशा डोंगराळ मुलखात ही रेजिमेंट एका नदीशी अडकली. पूल उडवलेला, समोरून गोळीबार, मागे फिरायचा हुकूम येण्याच्या बेतात. दारूगोळा आणि भाकरी खेचरांच्या पाठीवर. तेवढ्यात सगळ्यात पुढचं खेचर कुणाला न विचारता पाण्यात उतरलं आणि चालायला लागलं. त्याच्या मागे दुसरं, त्याच्या मागे माणसं. नदी पार झाली. तेव्हापासून रेजिमेंटनं सिंह-गरुड सगळे बाजूला ठेवले आणि ढालीवर खेचर घेतलं. खाली ब्रीद लिहिलं, त्याचा अर्थ असा की ओझ्यासकट पुढे.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "माय, हाई खरं कूळ से," ते म्हणाले. आयुष्यभर थापा मारून नक्ष्यांना गावं देणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच खरं गाव असलेली नक्षी भेटली होती. त्यांचा आनंद बघून मलाही भरून आलं.

त्यांनी कारीगरांना गोळा केलं आणि खेचराची गोष्ट अशी सांगितली की उडिया मुलं टाळ्या वाजवायला लागली. नदीला तापीसारखे भोवरे होते, हे त्यांनी पदरचं घातलं. खेचराचं नावही ठेवून टाकलं. मग पंचिंगला बसले. खेचराच्या कानासाठी त्यांनी किती वेळा टाके मोडले ते सांगत बसत नाही. शेठ दारातून ओरडत होते आणि मास्तर म्हणत होते, "नदीमा उतरेल जनावर से, त्याना कान खडा पाहिजे!"

नमुना पास झाला. खेचर डावीकडे तोंड करून नदी ओलांडत होतं, कान टवकारून. तेव्हा मास्तरांनी एक्स्पोर्टवाल्याला विचारलं, "ये कौनसी बाही पे लगेगा?" तो घाईत होता. म्हणाला, "मास्टर, बाजू तो बाजू होता है, आप बनाओ ना." आणि मोटरसायकल काढून गेला.

मास्तर परत टेबलाशी आले. खेचराकडे बघून बोटानं हवेत काहीतरी फिरवलं. त्यांनी काय केलं ते मला तेव्हा वेगळं वाटलंच नाही, आणि मशीनवरच्या एकाही कारीगराला वाटलं नाही. बाहीचं काम होतं. आमचे हात जसे चालतात तसे चालले.

माल तयार झाला. एक्स्पोर्टवाल्यानं खोका उघडला, वरचे बिल्ले बघून खूश झाला, खालचा थर काढला आणि किंचाळला. अर्धी खेचरं डावीकडे चाललेली, अर्धी उजवीकडे!

"आधे गधे उल्टे हैं!"

"गधा नही, खच्चर," मास्तर शांतपणे म्हणाले. "और उल्टा नही. वो दायीं बाही का है."

मग जे झालं ते झालं. एक्स्पोर्टवाला डोकं धरून खाली बसला. सैन्याचं चिन्ह म्हणजे काय ब्लाउज आहे का, असं तो परत परत विचारत होता. शेठ धावत आले. "मास्तर, आ शुं कर्युं?" हे काय केलंत, असं विचारताना त्यांचा आवाज इतका चढला की शेजारच्या खात्यातले लोक दारात आले. हुकूम झाला, उलटी खेचरं फेकायची, नवीन बनवायची आणि मास्तरांनी टेबल खाली करायचं. मी मास्तरांकडे बघितलं. आता तरी हा माणूस दोन शब्द नरमाईचे बोलेल, असं मला मनापासून वाटलं. घरी बायको, हातात दुसरं काम नाही, आणि या वयात धागे कापायला बसायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मास्तर म्हणाले, "ज्यानी बाही, त्याले विचारा."

"शुं?"

"ज्याच्या बाहीवर बसणार आहे, त्या म्हाताऱ्याला विचारा. तो नको म्हणाला तर टेबल मीच उचलून ठेवतो."

एक्स्पोर्टवाल्याला तसाही अमेरिकेत फोन करावाच लागणार होता, माल उशिरा येईल हे सांगायला. आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. त्यानं ऑफिसात आपल्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला आणि दार लोटून घेतलं. मास्तर दार उघडून आत गेले. त्यांच्यामागे मी गेले, आणि माझ्यामागे सगळं खातं.

पडद्यावर स्वयंपाकघरात बसलेला एक म्हातारा. पांढऱ्या भुवया, हातात कॉफीचा मोठा मग. मेळाव्याचं सगळं तोच बघत होता. रेजिमेंटमध्ये सार्जंट होता म्हणे. एक्स्पोर्टवाला इंग्रजीत माफी मागायला लागला. सॉरी, मिस्टेक, सॉरी. म्हाताऱ्याचा चेहरा पडत चालला होता.

मास्तरांनी सरळ फोन उचलला आणि माझ्या हातात दिला. "धर माय. हलू नको." मग त्यांनी सरळं खेचर आपल्या उजव्या बाहीवर धरलं आणि ऑफिसच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, छाती काढून, फौजेसारखे पाय आपटत चालत गेले. मास्तर पुढे चालले होते आणि खेचर मागे बघत होतं. भिंतीशी थांबून त्यांनी खेचराकडे बोट केलं, मग मागे दाराकडे बोट केलं आणि तोंड वाकडं केलं. घरी पळून चाललंय! परत पहिल्या भिंतीशी गेले. आता उलटं खेचर त्याच उजव्या बाहीवर. पुन्हा चालले. मास्तर पुढे, खेचरही पुढे, कान खडे.

म्हाताऱ्यानं कॉफीचा मग खाली ठेवला, उठला आणि पडद्यातून निघून गेला. एक्स्पोर्टवाल्यानं कपाळावर हात मारला. "गया," तो म्हणाला, "ऑर्डर गया."

म्हातारा परत आला तो एक जुनं जॅकेट घेऊन. त्यानं जॅकेटची उजवी बाही कॅमेऱ्यासमोर धरली. विटलेली निळी ढाल, झिजलेलं खेचर, आणि ते खेचर पाठीकडे तोंड करून उभं होतं. तो बोलायला लागला. थोडं मला कळलं, थोडं एक्स्पोर्टवाल्यानं हिंदीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बदलत गेला. त्यांच्या फौजेत म्हणे माणूस सध्या जिथे आहे तिथलं चिन्ह डाव्या खांद्यावर लावतात, आणि ज्यांच्याबरोबर लढाईला गेला त्यांचं उजव्या. हे सगळे निवृत्त, लढाया पाहिलेले. मेळाव्याला येणारे बहुतेक जण ते उजवीकडेच लावणार. चिन्ह सरकारी, ते एकाच तोंडाचं बनतं, डावीकडे शोभणारं. उजव्या खांद्यावर त्यांचं खेचर इतकी वर्षं माघारी चाललेलं होतं. इतर रेजिमेंटवाले त्यावरून त्यांची टर उडवायचे. त्यांच्यातले काही जण ती टर ऐकतच हे जग सोडून गेले.

"हे आज पहिल्यांदा आमच्याबरोबर चालतंय," म्हातारा म्हणाला. आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला.

मेळाव्याचं जॅकेट आमचं आहे, तिथे आम्ही ठरवू ते, असंही तो म्हणाला. उलटी खेचरं एकही फेकायची नाहीत, उलट आणखी बनवायची, आणि चालून दाखवणाऱ्या त्या माणसानंच बनवायची. एक्स्पोर्टवाल्यानं हे शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा आमच्या उडिया मुलांनी मास्तरांना उचलून घेतलं. मशीन सगळ्या बंद होत्या, आणि शेठना त्याचं भानही नव्हतं. ते दारात उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी रडत होते आणि फोन हलू देत नव्हते.

तेवढ्यात पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आणि तुमचं चिन्ह कोणतं? दाखवा ना."

मुलांच्या खांद्यावर बसलेले मास्तर आपल्या रिकाम्या बाहीकडे बघायला लागले. जगातल्या प्रत्येक फुलाला गाव विचारणाऱ्या माणसाला कुणीतरी त्याचं स्वतःचं विचारलं होतं. "बनाई राहिनू," ते शेवटी म्हणाले. बनवतोय. एक्स्पोर्टवाल्यानं ते इंग्रजीत सांगितलं आणि म्हाताऱ्यानं सलाम ठोकला.

ही मात्र थाप निघाली नाही. त्यांनी खरंच बनवलं. निळी ढाल तशीच ठेवली, कारण आपणही पायदळच, असं त्यांचं म्हणणं. मधून पांढरी नागमोडी तापी. तिला काही पदरचं घालावं लागलं नाही. ती खानदेशातूनच वाहत सुरतेला येते, आमच्यासारखी. आणि नदीवरून चाललेली एक बाई, नऊवारीतली, डोक्यावर गाठोडं. मी विचारलं, "मास्तर, ही कुठली?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना विचारत होते.

"मन्ही माय आशीच उनी," ते म्हणाले. त्यांची आई अशीच आली होती. उधन्याच्या स्टेशनात गाडीतून उतरली तेव्हा गाठोड्यात पातेली, पीठ आणि कडेवर हे. नवरा आधीच मिलमध्ये लागलेला, पण न्यायला आलाच नाही, पाळी बदलली होती. आठ गल्ल्या विचारत, गाठोडं खाली न ठेवता, ती खोलीपर्यंत चालत गेली. "मागे फिरनी नही," मास्तर म्हणाले, आणि बाईच्या कानाचा टाका मोडून परत घातला.

आम्ही सगळ्यांनी ते चिन्ह बाहीवर लावलं. डाव्या बाहीची बाई वेगळी, उजव्या बाहीची वेगळी, दोन्ही पुढेच चाललेल्या. मेळाव्याचा फोटो अमेरिकेहून आला तोही खात्यात लागला: म्हातारे एका ओळीत, उजवा खांदा कॅमेऱ्याकडे, आणि सगळी खेचरं नदी पार करताना. मास्तर त्या फोटोसमोर बशीतला चहा पीत उभे असायचे. अजून असतात. त्यांचं टेबल जिथल्या तिथे आहे, मीच दुसऱ्या खात्यात मोठ्या जागी गेले.

पण ही गोष्ट मी तिथे असतानाचीच. शेठ हळूच आमच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघितलं. मग आपल्या रिकाम्या बाहीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, मारे पण जोडी जोईए." त्यांनाही जोडी हवी होती.

मास्तरांनी वर बघितलं नाही. नवीन फाइल उघडली, मनगटाचं बटण नीट केलं.

"शेठ," ते म्हणाले, "पहिले गाव सांगा."

आणि मशीन सुरू असताना, ऑर्डर अडकलेली असताना, आमचे शेठ स्टूल ओढून बसले आणि त्यांचे बापूजी डोक्यावर काय घेऊन सुरतेत आले होते, ते सांगायला लागले.